सरकारी कर्जाचा खरा आकडा कोणता : ताळमेळाच्या बाजूने एक उत्तर

सोलापूरला अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : “महाराष्ट्रावर एकूण कर्ज किती, हे प्रबंधासाठी शोधताना अर्थसंकल्पात एक आकडा मिळतो, महालेखापालांच्या वित्त लेख्यांत दुसरा, रिझर्व्ह बँकेच्या प्रकाशनात तिसरा आणि वर्तमानपत्रांत तर चौथाच. यांतला खरा कोणता धरायचा? आणि ही आकडेवारी सुधारायची म्हटली तर सुरुवात कुठून व्हायला हवी?” माझी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षेत आणि कोषागारात झाली, त्यामुळे उत्तर हिशेब तपासणाऱ्याच्या बाजूने देतो, अर्थशास्त्रज्ञ कदाचित वेगळ्या टोकापासून सुरुवात करतील.

चार आकडे वेगळे आहेत म्हणून त्यांपैकी तीन खोटे असले पाहिजेत, हा समज आधी काढून टाका. बहुतेक वेळा चारही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण प्रत्येकाने कर्जाभोवती आखलेली रेघ वेगळी असते. खरी अडचण अशी आहे की एका आकड्यावरून दुसऱ्यावर कसे जायचे, हे कोणी छापत नाही. रोकडवहीची शिल्लक आणि बँकेच्या खातेउताऱ्याची शिल्लक वेगळी निघाली, तर लेखापरीक्षक त्यांपैकी एक खोडून टाकत नाही. तो ताळमेळपत्रक मागतो. न वटलेले धनादेश इतके, बँकेने परस्पर वजा केलेले शुल्क इतके, नोंदवायचा राहिलेला भरणा इतका, आणि मग दोन्ही शिलका जुळतात. नगरपरिषदेच्या एका चालू खात्यासाठी आपण जे पत्रक सक्तीचे मानतो, ते राज्याच्या लाखो कोटींच्या कर्जासाठी मात्र वाचकाने स्वतः बसवायचे असते.

आता या रेघा कुठे कुठे आखल्या जातात ते पाहू. अर्थसंकल्पातला आकडा हा अंदाज असतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मार्च २०२६ अखेरचे राज्यावरील कर्ज सुमारे ९.३२ लाख कोटी रुपये दाखवले होते, तेव्हा ते वर्ष सुरूही झालेले नव्हते. सुधारित अंदाज त्याच्या पुढच्या मार्चमध्ये येतो आणि प्रत्यक्ष आकडा त्याहून नंतर, वित्त लेख्यांत. वर्तमानपत्रात बहुधा अर्थसंकल्पी अंदाज ‘राज्यावरील कर्ज’ म्हणून छापला जातो आणि तुलना मागच्या वर्षाच्या प्रत्यक्ष आकड्याशी होते. ही तुलना आपण प्रबंधात करू नये.

दुसरी रेघ लोकलेख्याची. संविधानाच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे राज्याचा पैसा एकत्रित निधी आणि लोकलेखा अशा दोन कप्प्यांत असतो. खुल्या बाजारातील कर्जरोखे, राष्ट्रीय अल्पबचत निधीकडून घेतलेले कर्ज, नाबार्डचे कर्ज ही अंतर्गत कर्जे लेखाशीर्ष ६००३ खाली आणि केंद्राकडून घेतलेली कर्जे ६००४ खाली एकत्रित निधीत दिसतात. कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, ठेवी आणि राखीव निधी हे मात्र लोकलेख्यात असतात. हा पैसा सरकारचा नसतो, पण सरकार तो वापरते आणि पुढे द्यायचा असतो. म्हणून ‘सार्वजनिक कर्ज’ म्हटले की पहिलाच कप्पा धरला जातो आणि ‘एकूण दायित्वे’ म्हटले की दोन्ही. वित्त लेख्यांतील विवरणपत्र क्रमांक ६ आणि त्याचा तपशील देणारे क्रमांक १७ यांत ही विभागणी स्पष्ट दिसते. आपल्या पहिल्या तीन आकड्यांतला बराचसा फरक इथेच मिटेल, असा माझा अंदाज आहे.

तिसरी रेघ अलीकडची आहे. वस्तू व सेवा कराच्या भरपाईपोटी केंद्राने २०२०-२१ मध्ये १.१० लाख कोटी आणि २०२१-२२ मध्ये १.५९ लाख कोटी रुपये कर्जाऊ घेऊन राज्यांना दिले. राज्यांच्या लेख्यांत ही रक्कम केंद्राकडून घेतलेले कर्ज म्हणून दिसली, पण तिची परतफेड भरपाई उपकरातून व्हायची असल्याने कर्जमर्यादा मोजताना ती वगळली गेली. भांडवली खर्चासाठी केंद्र देत असलेले पन्नास वर्षांचे बिनव्याजी कर्जही नेहमीच्या मर्यादेबाहेर ठेवलेले आहे. म्हणजे एकाच राज्याचा, एकाच तारखेचा, एकाच कार्यालयाने दिलेला आकडासुद्धा ‘धरून’ आणि ‘वगळून’ असा दोन प्रकारे बरोबर असू शकतो. वगळण्यालाही माझी हरकत नाही. काय वगळले ते आकड्याखाली लिहिलेले नसते, याला आहे.

केंद्राच्या कर्जाबाबत आणखी दोन गोष्टींची भर पडते. परकीय कर्ज घेतले त्या वेळच्या विनिमय दराने मोजायचे की आजच्या, यावर रक्कम बरीच बदलते. अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत ती मुख्यतः जुन्या दराने येते, तर कर्जविषयक इतर सरकारी अहवालांत चालू दराचाही आकडा असतो. आणि केंद्र व राज्ये मिळून देशाचे एकूण सरकारी कर्ज काढताना केंद्राने राज्यांना दिलेली कर्जे आणि राज्यांनी केंद्राच्या कोषागार हुंड्यांत (ट्रेझरी बिलांत) केलेली गुंतवणूक वजा करावी लागते, नाहीतर तोच रुपया दोनदा मोजला जातो.

मग कोणता आकडा धरायचा? ते आपल्या प्रश्नावर अवलंबून आहे आणि इथे सरसकट उत्तर देणे चुकीचे ठरेल. राज्य राजकोषीय उत्तरदायित्वाच्या कायद्याची मर्यादा पाळते का, हे पाहायचे असेल तर कायद्याच्या व्याख्येचाच आकडा घ्यावा. पुढच्या दहा वर्षांत व्याजाचा बोजा किती, हे पाहायचे असेल तर व्याज लागणारी सर्व दायित्वे घ्यावीत. इतर देशांशी तुलना करायची असेल तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सार्वजनिक कर्ज आकडेवारीच्या मार्गदर्शिकेची व्याख्या लागेल, आणि ती आपल्यापेक्षा बरीच रुंद आहे : तिच्यात सरकारने द्यायची राहिलेली देयकेसुद्धा कर्जच ठरतात.

इथवर सगळे व्याख्यांचे झाले. पण आकडेवारीची गुणवत्ता व्याख्येच्या बरीच खाली, जिथे पहिली नोंद होते तिथे बिघडते. एक उदाहरण जवळून दाखवतो. आपल्याच जिल्ह्यातील एका नगरपरिषदेच्या लेखापरीक्षेत कर्ज नोंदवही तपासत होतो. पाणीपुरवठा योजनेसाठी घेतलेले कर्ज, मंजुरीचा क्रमांक, व्याजदर, हप्त्यांची मुदत, सगळे पहिल्या पानावर व्यवस्थित लिहिलेले होते. परतफेडीचे रकाने मात्र कित्येक वर्षे कोरे होते आणि अखेरची शिल्लक म्हणून मूळ रक्कमच पुढे ओढलेली होती. वाटले, नगरपरिषद थकबाकीदार आहे. प्रत्यक्षात हप्ते नियमित जात होते. वरून येणाऱ्या अनुदानातून ते परस्पर कापून घेतले जात आणि नगरपरिषदेच्या बँक खात्यात निव्वळ रक्कम जमा होई. रोखपाल जमा झालेली निव्वळ रक्कम रोकडवहीत घेई. कपातीचा तपशील मंजुरी आदेशाच्या मागच्या पानावर, आदेश आस्थापना शाखेच्या फाइलमध्ये आणि कर्ज नोंदवही लेखा शाखेच्या कपाटात. परिणाम असा की नगरपरिषदेचे उत्पन्न कमी दिसत होते, परतफेड शून्य दिसत होती, कर्ज जास्त दिसत होते आणि धनकोच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या, वहीत हेच कर्ज निम्म्यावर आलेले होते. कोणी काही लपवले नव्हते. अनुदान कपातीपूर्वीच्या पूर्ण रकमेने जमा दाखवून कपात खर्ची टाकणारी एक साधी हस्तांतर नोंद झाली असती, तर चारही चुका एकदम सुटल्या असत्या.

असे आकडे मग तालुक्यातून जिल्ह्यात आणि जिल्ह्यातून मंत्रालयात जातात, बेरजेत मिसळतात आणि बेरीज छापली गेली की तिच्यातली चूक कोणाला शोधता येत नाही. म्हणून डॅशबोर्ड, आलेख, मोबाइल ॲप यांवर होणारा खर्च पाहून मला फारसा उत्साह वाटत नाही. कर्ज नोंदवहीची वर्षातून एकदा धनकोच्या शिल्लक दाखल्याशी पडताळणी करून दोघांच्या सह्या घेणे, हे काम कंटाळवाणे आहे, पण आकडेवारीचा दर्जा त्याने जितका सुधारतो तितका दुसऱ्या कशाने सुधारत नाही.

थकहमीकडे येतो, कारण सोलापूर जिल्ह्यात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सहकारी साखर कारखान्याने बँकेकडून कर्ज घ्यायचे, शासनाने थकहमी द्यायची आणि कारखाना थकला की बँकेने शासनाकडे यायचे. थकहमी दिली त्या दिवशी सरकारचे कर्ज वाढत नाही आणि ते वाढलेले दाखवूही नये. ते संभाव्य दायित्व आहे. विवरणपत्र क्रमांक ९ आणि २० मध्ये ते वेगळे दाखवले जाते, आणि सरकारी लेख्यांसाठी केलेल्या भारतीय मानकांपैकी पहिलेच मानक थकहमीच्या प्रकटनाविषयी आहे. परंतु सर्व थकहम्यांची बेरीज सांगून भागत नाही. रस्ते विकास महामंडळाच्या कर्जामागे पथकराचे उत्पन्न असू शकते, तर सिंचन महामंडळाच्या कर्जामागे पाणीपट्टीतून व्याज सुटेल इतके उत्पन्न क्वचितच असते. दोन्हींना एकाच रकान्यात, एकाच वजनाने मांडले की वाचकाला धोक्याचा अंदाज येत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यगटाच्या अहवालाने सर्व राज्यांनी एकसारख्या नमुन्यात थकहम्यांची माहिती द्यावी आणि हमीपत्राला नाव काहीही दिलेले असले तरी ते थकहमीतच मोजावे, असे सुचवले आहे. ‘लेटर ऑफ कम्फर्ट’ नावाचे, हमी न म्हणता बँकेला भरवसा देणारे कागद किती सहज या यादीतून निसटतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या दुसऱ्या सूचनेचे महत्त्व कळेल.

यापुढचा भाग खरा वादाचा : अर्थसंकल्पाबाहेरील कर्ज. महामंडळ कर्ज काढते, पण मुद्दल आणि व्याज अर्थसंकल्पातूनच भरले जाते. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एखाद्या व्यापाऱ्याने मुलाच्या नावावर कर्ज काढावे, हप्ते स्वतःच्या गल्ल्यातून भरावेत आणि बँकेला मात्र ‘माझ्यावर काही कर्ज नाही’ असे सांगावे, तसा हा प्रकार आहे. आपल्या भागाला याची ओळख जुनी आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने सिंचन प्रकल्पांसाठी शासनाच्या हमीवर रोखे विकून पैसा उभा केला, आणि उजनीच्या लाभक्षेत्रातील कामे त्याच महामंडळाकडे आहेत. प्रकल्पांची गरज खरी होती. पण महामंडळाचे स्वतःचे उत्पन्न पाहता ते रोखे पहिल्या दिवसापासून व्यवहारात राज्याचेच कर्ज होते, असे माझे मत आहे.

केंद्रानेही हे केले. भारतीय अन्न महामंडळाला अनुदानाची रक्कम पूर्ण न देता २०१६-१७ पासून अल्पबचत निधीतून कर्ज दिले जाई, त्यामुळे तूट कमी दिसे. २०२०-२१ च्या सुधारित अंदाजात ही थकबाकी फेडायला घेतली, तेव्हा अन्न अनुदान अर्थसंकल्पातील सुमारे १.१५ लाख कोटींवरून ४.२२ लाख कोटींवर गेले. त्यात करोनाकाळातील मोफत धान्याचाही वाटा होता. त्याआधी २०१९-२० पासून अर्थसंकल्पाच्या खर्चविषयक खंडात अशा कर्जांचे स्वतंत्र विवरणपत्र, क्रमांक २७, देणे सुरू झाले होते. गेल्या दहा वर्षांतल्या सुधारणांपैकी मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच, कारण आधी उघड मांडले गेले आणि फेडण्याची वेळ त्यानंतर आली. मार्च २०२२ मध्ये केंद्राने राज्यांनाही कळवले की ज्या कर्जाचे मुद्दल किंवा व्याज राज्याच्या अर्थसंकल्पातून जाते, ते अनुच्छेद २९३(३) खालील संमती (केंद्राचे देणे असलेल्या राज्याला नवे कर्ज काढण्यासाठी केंद्राकडून लागणारी) देताना राज्याचेच कर्ज मानले जाईल. केरळ याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये अंतरिम दिलासा नाकारून न्यायालयाने मूळ प्रश्न घटनापीठाकडे सोपवला. मर्यादा कोणी ठरवावी, हा संघराज्याचा प्रश्न आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना म्हणणे आहे. मोजावे की नाही, यावर मात्र वाद असू नये. आधी मोजावे, मर्यादेत धरावे की नाही ते मग भांडावे.

असे कर्ज आपण स्वतः शोधू शकता. महामंडळाच्या ताळेबंदातील दीर्घ मुदतीच्या कर्जांची टीप उघडा आणि हप्त्यांच्या तारखा लिहून घ्या. मग संबंधित विभागाच्या अर्थसंकल्पात त्या महामंडळाला दिलेले सहायक अनुदान किंवा भागभांडवली अंशदान पाहा. दोन्ही रकमा वर्षानुवर्षे हातात हात घालून चालताना दिसल्या, तर कर्ज कोणाचे हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

दुसरी तपासणी याहून सोपी आहे. वर्षाची राजकोषीय तूट आणि त्याच वर्षात वाढलेले कर्ज शेजारी मांडा. समजा तूट १०० आहे आणि कर्ज ११८ ने वाढले, तर वरच्या १८ चा हिशेब मागा. रोख शिल्लक वाढवून ठेवली असेल, लोकलेख्यातील ठेवी परत केल्या असतील, केंद्राच्या बाबतीत विनिमय दर बदलला असेल, किंवा दुसऱ्याचे कर्ज अंगावर घेतले असेल. वीज वितरण कंपन्यांसाठीच्या ‘उदय’ योजनेत सहभागी राज्यांनी सप्टेंबर २०१५ अखेरच्या कर्जापैकी ७५ टक्के स्वतःकडे घ्यायचे ठरले, तेव्हा राज्यांची कर्जे अशीच वाढली. कारण सापडले तर फरक निरुपद्रवी असतो. तो दरवर्षी एकाच दिशेने निघत राहिला आणि कारण कोठेच छापलेले नसले, तर तिथे थांबून शोध घ्यावा.

थकीत देयकांबाबत थोडक्यात सांगतो. आपले सरकारी लेखे रोख पद्धतीचे आहेत. काम पूर्ण झाले, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, देयकही सादर झाले, तरी कोषागारातून पैसे निघेपर्यंत लेख्यांच्या दृष्टीने काही घडलेलेच नसते. कंत्राटदारांची देयके लांबवली की ३१ मार्चचा आकडा सुधारतो. हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीने (खर्चाचा काही भाग कंत्राटदार घालतो आणि सरकार तो नंतर हप्त्यांनी फेडते) बांधलेल्या रस्त्यांचे पुढील वर्षांतले हप्तेही कर्जाच्या तक्त्यात येत नाहीत. स्वीय प्रपंजी लेख्यांमुळे, म्हणजे अधिकाऱ्याच्या पदनावाने लोकलेख्यात उघडलेल्या ठेव खात्यांमुळे, नेमके उलटे घडते : मार्चअखेर निधी एकत्रित निधीतून काढून तिथे ठेवला की खर्च झालेला दिसतो आणि पैसा मात्र सरकारकडेच असतो. पूर्ण उपार्जित पद्धतीचे, म्हणजे देणे निर्माण होताच नोंदवणारे, लेखांकन येईल तेव्हा येवो. तोपर्यंत प्रत्येक विभागाने ९० दिवसांवरील थकीत देयकांची यादी तिमाहीला प्रसिद्ध केली तरी बरेच साधेल.

सुरुवात कुठून, याचे माझे उत्तर एव्हाना लक्षात आले असेल. माझ्या हातात असते तर मी नवा आकडा काढण्याच्या भानगडीत पडलो नसतो. अर्थसंकल्पासोबत एका पानाचे ताळमेळपत्रक जोडणे सक्तीचे केले असते : वर सार्वजनिक कर्ज, त्यात लोकलेख्यातील दायित्वे मिळवा, अर्थसंकल्पाबाहेरील कर्जे मिळवा, वगळलेली केंद्रीय कर्जे दाखवा, आणि खाली महालेखापाल व रिझर्व्ह बँक यांचे आकडे जुळवून द्या. त्यामागे कर्जनिहाय यादी हवी, ज्यात प्रत्येक कर्जाला एकच क्रमांक असेल आणि तोच धनकोच्या, ऋणकोच्या आणि वित्त विभागाच्या वहीत असेल. जुने आकडे बदलले तर जुना, नवा आणि बदलाचे कारण असे तिन्ही छापावेत. आज आपण जुना तक्ता गुपचूप बदललेला पाहतो आणि त्याला सुधारणा म्हणतो.

याला आता निकडही आली आहे. केंद्राने २०२६-२७ पासून वार्षिक तुटीऐवजी कर्जाचे सकल देशांतर्गत उत्पादनाशी प्रमाण हेच मुख्य उद्दिष्ट मानायचे ठरवले असून मार्च २०३१ पर्यंत ते ५० टक्क्यांच्या आसपास, एक टक्का इकडेतिकडे, आणायचे आहे. ज्या आकड्यावर यशापयश ठरते, त्याच्या कक्षेबाहेर कर्जे सरकवण्याचा मोह वाढतो. मोझांबिकमध्ये सरकारी हमीवर काढलेली एक अब्ज डॉलरहून अधिक कर्जे संसदेला न कळवता ठेवली होती. २०१६ मध्ये ती उघड झाली तेव्हा मदत थांबली आणि देश संकटात गेला. आपल्याकडे महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळासमोर येतात आणि कर्जरोख्यांचे लिलाव उघड होतात, त्यामुळे तशी वेळ येण्याची शक्यता मला कमी वाटते. परंतु ही खात्री मुख्यतः सरकारच्या स्वतःच्या रोख्यांपुरती आहे, महामंडळे आणि स्थानिक संस्थांच्या कर्जांबाबत ती तितकी देता येत नाही.

प्रबंधासाठी म्हणूनच एक सुचवतो. राज्याच्या एकूण आकड्याच्या मागे न लागता एक सिंचन महामंडळ आणि एक महानगरपालिका निवडा. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे विकले. रोखे बाजारात नोंदलेले असल्याने सेबीच्या नियमांप्रमाणे त्यांची माहिती उपलब्ध आहे. रोखे न काढलेल्या महापालिकेची तेवढीच माहिती मिळवायला आपल्याला वार्षिक लेखे, स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल आणि बहुधा माहिती अधिकाराचा अर्जही लागेल. अर्जात ‘एकूण कर्ज किती’ असे विचारू नका, एक आकडा येईल आणि त्याचे काही करता येणार नाही. ३१ मार्च रोजीच्या कर्ज नोंदवहीच्या पानांच्या प्रमाणित प्रती आणि त्याच तारखेचे धनकोंचे शिल्लक दाखले मागा. दाखले उपलब्ध नाहीत असे लेखी उत्तर आले, तर ते उत्तर परिशिष्टात जसेच्या तसे जोडा.